विज्ञान आणि आपण : महाग धातूचा मध्यस्थ कशाला?



'हरित हायड्रोजन' हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार वाचायला मिळतो. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली आणि तिच्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरवले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. हा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे आपलाही आहे. तेव्हा तो कशावर खर्च होणार हे आपल्या घरात समजलेच पाहिजे.

हायड्रोजन ही काही नवी वस्तू नाही. शेतात पडणारा युरिया अमोनियापासून बनतो आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो. ऊन आणि वारा यांच्या विजेने पाणी फोडले तर हा धूर टळतो. पाण्यात दोन पट्ट्या बुडवून वीज सोडायची. एका पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसरीवर ऑक्सिजनचे. ही किमया १८०० सालापासून ठाऊक आहे.

मग अडते कुठे? त्या पट्ट्यांपाशी. पाणी सहजासहजी फुटत नाही. त्यासाठी पट्टीवर उत्प्रेरक लागतो. उत्प्रेरक म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ समजा. तो दोन्हीकडची मंडळी एकत्र आणतो, काम लवकर उरकतो, आणि लग्न लागले की स्वतः जसाच्या तसा पुढच्या घरी जातो. उत्प्रेरक नसेल किंवा निकृष्ट असेल तर तेवढ्याच हायड्रोजनला जास्त वीज जाळावी लागते.

पाणी फोडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुनी पद्धत कॉस्टिक पोटॅशच्या पाण्याची. तिथे निकेलच्या पट्ट्या चालतात. पंजाबात नांगल येथे १९६० च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनवले जात होते. म्हणजे ही गोष्ट आपल्या देशालाही नवी नाही. मात्र ही यंत्रे जागा फार खातात आणि वीज कमी-जास्त झाली की लवकर जुळवून घेत नाहीत. उन्हाची आणि वाऱ्याची वीज तर सतत कमी-जास्त होणारीच. दुसरी, आम्लयुक्त पडद्याची पद्धत ते झटपट करते. पण आम्लात निकेल आणि लोखंड विरघळून जातात. तिथे टिकतात ते प्लॅटिनम आणि इरिडियम.

आता जमाखर्चाच्या नजरेने बघा. इरिडियम जगभरात वर्षाला सुमारे ७ ते ८ टन निघते. एका ट्रकात मावेल एवढे! आणि तेही प्लॅटिनमच्या खाणीतले जोडउत्पादन म्हणून. या दोन्ही धातूंचा मोठा हिस्सा एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो. तिथल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यात मारिकाना येथे १६ ऑगस्ट २०१२ रोजी पगारवाढीसाठी संपावर असलेल्या खाणकामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. ३४ कामगार ठार झाले. स्वच्छ इंधनाच्या मुळाशी असले रक्त सांडलेले असेल, तर कष्टकऱ्यांच्या घरात त्याचा विचार व्हायलाच हवा.

म्हणून शास्त्रज्ञ स्वस्त मध्यस्थ शोधत आहेत. या शोधाला वाट दाखवली ती निसर्गाने. हरभरा, तूर, मूग यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात, हे आपल्या शेतमजूर आयाबहिणींना माहीत आहे. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात आणि ते करताना थोडा हायड्रोजनही सोडतात. त्यांच्यापाशी प्लॅटिनम कुठले? लोखंड, मॉलिब्डेनम आणि गंधक एवढ्यावर ते भागवतात. हाच धागा धरून २००५ साली डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी मॉलिब्डेनम आणि गंधक यांचे संयुग हायड्रोजन काढायला चालते असे दाखवले. गॅरेजमधल्या काळ्या ग्रीसमध्ये घालतात तेच हे संयुग. २००७ साली कळले की काम करतात ते त्याच्या पापुद्र्यांचे काठ, मधला सपाट भाग नव्हे. प्लॅटिनमइतके ते जोरकस नाही, परंतु दिशा मिळाली. ऑक्सिजनच्या बाजूला निकेलमध्ये थोडे लोखंड मिसळले की काम कितीतरी वाढते, हेही १९८७ पासून नोंदलेले आहे.

पण स्वस्त म्हटले की लगेच टाळ्या वाजवू नयेत. या क्षेत्रात एक फसगत प्रसिद्ध आहे. नव्या स्वस्त पट्टीची परीक्षा घेताना समोरची पट्टी प्लॅटिनमची ठेवली, तर तिच्यातले कण विरघळून नव्या पट्टीवर जाऊन बसतात. काम करते प्लॅटिनम आणि नाव होते स्वस्त धातूचे! म्हणून समोर ग्राफाइटची कांडी वापरावी असा आता दंडक आहे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले आहे एवढ्यावरून काही खरे मानू नये, ही कालाम सुत्तातली शिकवण प्रयोगशाळेतही तितकीच लागू पडते.

आमच्या मते कोणत्याही 'स्वस्त' उत्प्रेरकाला तीन प्रश्न विचारावेत. तो किती वर्षे टिकतो? कुठून येतो? आणि तो खणतो कोण? कोबाल्ट प्लॅटिनमपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, परंतु जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोमधून येतो आणि तिथल्या हातखाणींत लहान मुले राबल्याचे उघड झाले आहे. मुलांच्या पाठीवरचा स्वस्तपणा आपल्याला नको.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे यांची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, तिच्यावर कारखानदारी उभी राहावी आणि गरिबाची दारिद्र्यातून सुटका व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. इंधन बदलले तरी कसोटी तीच. दुर्मिळ धातूवर उभी राहिलेली स्वच्छ ऊर्जा मोजक्यांच्या मुठीत राहील. लोखंड-निकेलसारख्या साध्या धातूवर उभी राहिली, तर ती खतापर्यंत आणि पोलादापर्यंत, पर्यायाने आपल्या ताटापर्यंत आणि रोजगारापर्यंत पोहोचेल.

हे काम करायला आपली मुले-मुली हवीत. रसायनशास्त्र म्हणजे औषधाच्या कंपनीतली नोकरी एवढेच समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांवर संशोधन चालते. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. यंदा ज्यांच्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे, त्यांनी हा लेख त्याला वाचायला द्यावा आणि त्या तीन प्रश्नांवर रविवारी विहारात त्याला चार शब्द बोलायला सांगावे.

जयभीम!