भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

घराच्या पडवीत सुतारकाम चालते तेथे संध्याकाळी भुसा झाडला की जागा स्वच्छ झाली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. रंध्याखालचे ढलपे फुफ्फुसात जात नाहीत. जाते ती पॉलिश पेपरची आणि विजेच्या करवतीची बारीक पूड. ती तासन् तास हवेत तरंगते. सागाच्या, शिसवीच्या धुळीने दमा, खाज उद्भवू शकते. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नमूद केले आहे.

टेबलफॅन लावणे हा उपाय नव्हेच. त्याने धूळ आत झोपलेल्या लेकरापर्यंत पोहोचते. धूळ ओढणारे यंत्र घ्यायचे तर त्याचे तोंड करवतीच्या अगदी जवळ हवे. नळी रुंद, आखूड, कमी वळणांची. साध्या कापडी पिशवीतून बारीक पूड पुन्हा खोलीतच येते, म्हणून चांगला फिल्टर बसवावा किंवा झोत बाहेर सोडावा (शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे!). हा खर्च झेपत नसेल तर घासकाम अंगणात करावे. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावावा. जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि कामाचे कपडे बाहेरच उतरवावेत.