टायरवरचं काळ्यावर काळं

माघ पौर्णिमेला कचारगडला गेलो होतो. सालेकसा तालुका, गोंदिया जिल्हा. माझं आजोळ तिकडचंच. पारी कुपार लिंगोच्या या यात्रेला महाराष्ट्रासोबत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड समाज लोटतो. धनेगावला गाडी लावायची आणि जंगलातून पायी गुहेकडे निघायचं. मामांच्या बोलेरोत आम्ही अकरा जण. (हो, अकरा. तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

उतरलो तर मागच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा! टायर घेऊन दोन महिनेही झाले नव्हते.

"मामा, हा कुठून घेतलात?"

"कायले घाबरतं रे? इम्पोर्टेड आहे. दुकानवाला म्हणे देशीपेक्षा भारी. अन् स्वस्तही पडला."

"बिल?"

"बिल घेतलं असतं तं जीएसटी लागला असता ना!"

मग मी मोबाइलचा टॉर्च लावून उकिडवा बसलो आणि टायर वाचायला लागलो. मंडळी, टायरवर खूप काही लिहिलेलं असतं, फक्त काळ्यावर काळं. २१५/७५ आर १५ हे माप. १०० एस म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो आणि ताशी १८० किमी. 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. मामांचा 'नवा' टायर चार वर्षांचा होता. आणि आयएसआयची खूण? चारही बाजूंनी शोधली. नाही म्हणजे नाही.

आता नियम बघा. केंद्र सरकारने २००९ मध्ये टायर-ट्यूबसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि २०११ पासून तो लागू झाला. खूण नसलेला टायर बनवायचा नाही, आयात करायचा नाही, विकायचाही नाही. परदेशी कारखान्यालाही बीआयएसचं लायसन्स घ्यावं लागतं. कारच्या टायरवर आयएस १५६३३, ट्रक-बसच्या टायरवर आयएस १५६३६, दुचाकीच्या टायरवर आयएस १५६२७ आणि सोबत 'सीएम/एल' ने सुरू होणारा लायसन्स नंबर. म्हणजे आपला नियम काही लेचापेचा नाही. तो धनेगावपर्यंत पोचत नाही, एवढंच!

काही मित्र म्हणतात, हे सगळं देशी कंपन्यांना सांभाळायचे धंदे आहेत. त्यात थोडं तथ्य आहेही. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयातच परवान्याखाली आणली, तेव्हा देशी कारखानदार खूश झाले. पण म्हणून खूण निरुपयोगी ठरत नाही. अमेरिकेचं उदाहरण घ्या. २००७ मध्ये न्यू जर्सीच्या एका आयातदाराने कबूल केलं की चीनहून आणलेल्या टायरांत पट्टे उकलू नयेत म्हणून घालायची रबरी पट्टी कमी होती किंवा नव्हतीच. सुरुवातीचा अंदाज साडेचार लाख टायरांचा. तिथला कायदा आयातदारालाच उत्पादक धरतो, त्यामुळे हात झटकता आले नाहीत. आणि कोणते टायर परत आणायचे हे कळणार कशावरून? टायरवरच्या कोडवरून. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन नंबरच नसेल तर बग कुठल्या बिल्डमध्ये आहे ते कसं शोधणार?

माझं भांडण दुसरंच आहे. आपल्याकडचं लेबल इन्स्पेक्टरसाठी आहे, गिऱ्हाइकासाठी नाही. जून २०२२ मध्ये रस्ते मंत्रालयाने ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांचे निकष आणले. छान केलं. पण हा नियम पास-नापास ठरवतो, गुण सांगत नाही. युरोपात २०१२ पासून टायरला श्रेणीचं लेबल आहे, फ्रिजला असतं तसं. तिथला माणूस वाचून टायर घेतो. आपला माणूस दुकानदाराच्या तोंडाकडे बघून घेतो. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर आरटीओने टायर तपासले, घासलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. पण घासलेला टायर दिसतो तरी. मामांच्या टायरची नक्षी कोरी करकरीत होती, त्याला कोण अडवणार?

म्हणून मागणी साधी आहे. टायरच्या प्रत्येक बिलावर लायसन्स नंबर आणि बनवल्याचा आठवडा छापणं सक्तीचं करा. दुकानात पांढऱ्यावर काळं, मराठीत लिहा. बंदरावर एक कंटेनर अडवणं गरजेचं आहेच, पण शेवटची तपासणी गिऱ्हाईकच करणार असेल तर त्याला वाचता येईल असं तरी लिहा की राव!

आणि आपणही कमी नाही. फोन घेताना दहा रिव्ह्यू वाचतो, टायर घेताना "इम्पोर्टेड" ऐकून मान डोलावतो. बीआयएस केअर नावाचं अॅप आहे, त्यात सीएम/एल नंबर टाकला की लायसन्स खरं की खोटं ते कळतं. दोन मिनिटांचं काम.

असो. आम्ही स्टेपनी लावली, चौघांना दरेकसा स्टेशनवरून रेल्वेने पाठवलं आणि बाकीचे ताशी चाळीसने घरी आलो. मामा वाटभर गप्प होते. घरी पोचल्यावर म्हणाले, "त्याच दुकानातून अजून एक घेतला आहे. समोर उजवीकडे."

उद्या सोमवार. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा वाकून बघा.