समुद्रपूरला समुद्र कुठे आहे?

दोस्तांनो, वर्धा जिल्ह्याचा नकाशा काढा पाहू. हिंगणघाटच्या शेजारी समुद्रपूर नावाचा तालुका सापडेल. नाव समुद्रपूर, पण समुद्र बघायचा तर विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची! अशा ठिकाणच्या मुलीने "मला समुद्राचा अभ्यास करायचाय" म्हटलं, की घरचे हसणारच. "अगं, आधी पोहायला तरी शीक!"

हसू देत. तुम्ही एक नाव लक्षात ठेवा : डॉ. अदिती पंत. त्यांचा जन्म 1943 मधला, आणि तोही शेजारच्या नागपूरचा. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्यावर अ‍ॅलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि त्यांचं ठरलं. अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या, पुढे लंडनला पीएच.डी. केली आणि मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या होत्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अशा दोघीच. भारतीय मोहिमेतल्या या पहिल्या महिला.

त्यांचा विषय देवमासे वगैरे नव्हता बरं का. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पती! गाईला जसं गवत, तसं समुद्रातल्या जिवांना हे अन्न. जहाजावरून बाटली खाली सोडून त्याचे नमुने घेता येतात.

पण खडकाला चिकटलेलं प्रवाळ बाटलीत कसं येणार? तिथे शास्त्रज्ञालाच पाणबुड्या व्हावं लागतं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ही विद्या रीतसर शिकवतात. एकूण 100 तासांचं शिक्षण, त्यात खुल्या पाण्यात 12 बुड्या. पोहण्याची परीक्षाही असते. 400 यार्ड पोहायचं, आणि आपल्याएवढ्याच माणसाला पाण्यातून ओढून आणायचं. आपला जोडीदार संकटात सापडला तर?

पहिला नियम : वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. का? दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत फुगून दुप्पट होऊ पाहते. फुप्फुस काही रबरी फुगा नव्हे, ते फाटतं. बॉइलचा नियम पुस्तकात नुसता पाठ केला असेल, तर इथे तो जिवावर बेततो. वर यायचं तेही सावकाश, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतात ना, तसेच!

एवढं शिकून खाली जाऊन करायचं काय? मोजायचं. मोजपट्टी अंथरायची, चौकट ठेवायची, आत किती प्रवाळ जिवंत, किती मेलेलं, ते पाटीवर लिहायचं. हो, पाटीच! प्लॅस्टिकची, आणि शिसपेन्सिलीने. शाई चालत नाही. तांबडा रंग तर थोड्या खोलीवरच नाहीसा होतो, जखमेतलं रक्तही हिरवट दिसतं. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जाऊन मोजलं, तरच काय घटलं ते कळतं. मला विचाराल तर चित्रफितीत दिसणाऱ्या बुडीपेक्षा हे कंटाळवाणं मोजणंच खरं काम.

परदेशी शिक्षण महाग असतं हे खरं, म्हणून तर शिष्यवृत्तीचं सांगितलं. पण स्कूबाची सुरुवात आपल्याकडेही होते. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची शिकवणारी संस्था आहे, आणि मालवणचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे.

आणि एक ऐका. पोहायला शिकायचं ते तलावावर, शिकवणाऱ्या माणसासमोर. बोर धरणात किंवा धामच्या डोहात मित्रांच्या पैजेने उडी मारायची नाही. तिथे हात द्यायला जोडीदार नसतो.

तोवर शाळेच्या मैदानात एक मीटर लांब-रुंद सुतळीची चौकट आखा. आत तरोटा किती, गाजरगवत किती, ते मोजा. दर रविवारी, त्याच जागी, पावसाळा संपेपर्यंत. आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा, आणि एखादा रविवार चुकला तर तसंच लिहा. अंदाजाने आकडा भरू नका.