पोराला गावी नको, उपचाराला पाठवा



पंधरा वर्षांच्या मुलानं शेजारच्या चिमुरडीवर अत्याचार केल्याचं उघडकीला आलं, की अनेक घरांत एकच तोडगा निघतो: पोराला मामाकडे धाडून द्यायचं. मामाच्या घरातही लहान मुलं असतात, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून पहिलं मागणं घरच्यांकडेच. झाकू नका. जिला किंवा ज्याला इजा झाली त्या लेकराची काळजी सर्वांत आधी. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यात अशी माहिती दडवणं हाही गुन्हा आहे.

दुसरं मागणं शासनाकडे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला एक आरोपी अठराच्या आतला निघाला. त्या संतापातून २०१५ चा बाल न्याय कायदा आला. सोळा वर्षांवरच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याभोवतीच तेव्हापासून सारी चर्चा फिरते आहे. त्याच कायद्याचं कलम १८ कुणी उघडत नाही. विशेष गृहात, म्हणजे सुधारगृहात, जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवलेल्या मुलाला समुपदेशन, वर्तन सुधारण्यासाठी थेरपी आणि मानसोपचाराचा आधार द्यावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या जिल्ह्यात हे देणारा प्रशिक्षित माणूस कोण, विचारून पाहा. अशा गृहांतली सकाळची प्रार्थना आणि दुपारचं शिवणकाम म्हणजे उपचार नव्हे.

आणि उपचारानं फरक पडतो. अमेरिकेत ओक्लाहोमात पाच ते बारा वयोगटातल्या, लैंगिक वर्तन बिघडलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना १२ बैठकांचा उपचार दिला गेला. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा या गटातल्या सुमारे २ टक्के मुलांच्या नावावर पुढे लैंगिक गुन्ह्याची नोंद होती. खेळातून उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात १० टक्के. बैठका फक्त बारा!

आमची मागणी अशी: प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळाला जोडलेलं उपचार केंद्र हवं, आणि मूल सुटून घरी गेल्यावरही पालकांसह पाठपुरावा हवा. (प्रेमप्रकरणातून पोक्सोत अडकलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला मात्र या रांगेत उभं करू नका, त्याचा प्रश्न वेगळा आहे.)

पालकमंत्र्यांना आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना याच आठवड्यात पत्र लिहा. कलम १८ नुसार आपल्या जिल्ह्यात उपचार कोण देतं, एवढंच विचारा आणि लेखी उत्तर मागा.