नमुना उत्तर चुकलं तर?

लेकीच्या हट्टापायी डॉग शोला गेलो. आमच्या घरात कुत्रा उंबऱ्याबाहेरच. अम्मी त्याला रोज भाकरी घालते, आत मात्र घेत नाही. त्यामुळे मैदानात शिरताना जरा संकोचच होता.

ही देखण्या कुत्र्यांची स्पर्धा असावी, असा माझा समज होता. तसं नाही. प्रत्येक जातीचं लेखी वर्णन ठरलेलं असतं: उंची, जबडा, केस, चाल. मालक नोंदणीकृत कुत्र्याचा अर्ज आधीच भरतो. वयानुसार वर्ग पडतात. परीक्षक दात बघतो, अंगावरून हात फिरवतो, पळवून चाल पाहतो आणि त्या वर्णनाच्या जास्तीत जास्त जवळ जाणाऱ्याला पहिला नंबर देतो. जातीत जिंकलेला कुत्रा गटात जातो, गटातला विजेता शेवटच्या फेरीत.

मी पडलो मास्तर. नमुना उत्तराशी ताडून पेपर तपासणं हे माझं रोजचंच काम. पण नमुना उत्तरच चुकलेलं असेल तर? मुलं तीच चूक पाठ करतात.

बुलडॉगचं असंच झालं. चपट्या तोंडाला बक्षीस मिळत गेलं, तशी पैदास आणखी चपट्या तोंडाची होत गेली. बिचाऱ्याला धड श्वास घेता येईना. २००८ साली बीबीसीने यावर माहितीपट दाखवला आणि पुढच्या वर्षापासून ब्रिटनच्या प्रसिद्ध 'क्रफ्ट्स' प्रदर्शनाचं प्रक्षेपणच बंद केलं. २०१२ मध्ये तिथे धोक्यातल्या पंधरा जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी झाली. बुलडॉग आणि पेकिंगीज यांच्यासह सहा जातींचे विजेते पुढच्या फेरीतून बाद झाले. मालक चिडले. मला मात्र तो इन्साफ वाटतो. त्या बेजुबान जनावराच्या वतीने कुणीतरी बोललं.

जबाबदारी फक्त परीक्षकाची नाही. आमच्या मैदानात दख्खनचा कारवानी उभा होता, सडपातळ आणि चपळ. त्याच्यापाशी चार माणसं. धापा टाकणाऱ्या पगभोवती मात्र मोबाइलची गर्दी, आणि प्रत्येकाचा एकच सवाल: "पिल्लू केवढ्याला?" तुम्ही कधी अशा प्रदर्शनाला गेलात, तर किमतीआधी विचारा: याला पळता येतं का? रात्री नीट झोप लागते का? विचारल्याशिवाय हात लावू नका, हेही आलंच.

परतताना लेक म्हणाली, "अब्बा, तो पग हसत होता ना?"

"नाही बेटा," मी म्हणालो, "तो श्वास घेत होता."