मनात राहिलेला चित्रपट

सर्वांत आवडता चित्रपट कोणता, हा प्रश्न चार माणसांत निघाला की बोलणे रंगू लागते. जो एरवी फारसा बोलत नाही, तोही पुढे सरकून बसतो. गंमत अशी की, थोड्याच वेळात चित्रपटाची गोष्ट बाजूला राहते आणि सांगणाऱ्याचीच गोष्ट सुरू होते. तो चित्रपट कोणाबरोबर पाहिला, घरी परतायला किती उशीर झाला, कोणत्या प्रसंगी आई पदराने डोळे पुसत होती, हे सारे त्याला आठवते. कथानक मात्र तो अर्धेअधिक विसरलेला असतो!

चित्रपटाने मुले बिघडतात, असे म्हणणारी वडीलधारी माणसे पूर्वीही होती आणि आजही आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. वेळ घालविण्यापुरते काढलेले आणि पाहून होताच विसरण्याजोगे चित्रपट पुष्कळ असतात. परंतु जे विसरता येत नाहीत, त्यांचे काय? ते मनात का राहतात, याचा विचार या तक्रारीत सहसा होत नाही.

खरे म्हणजे चित्रपटाइतकी क्षणभंगुर वस्तू दुसरी नसेल. अकोल्याच्या दक्षिणेस असलेल्या बार्शीटाकळी या गावात देवीचे जुने दगडी मंदिर आहे. तेथील शिलालेखावर शके १०९८ हा काल कोरलेला आहे. आठशेहून अधिक उन्हाळे-पावसाळे पाहून ते दगड उभे आहेत. बोलपटाचे चित्र मात्र एका सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरते पडद्यावर थांबते आणि नाहीसे होते. १९३१ साली निघालेल्या ‘आलम आरा’ या भारतातील पहिल्या बोलपटाची आज एकही प्रत उपलब्ध नाही. फीत जळते, विरते, हरवते. तरीही माणसे पन्नास वर्षांपूर्वी पाहिलेल्या एखाद्या प्रसंगाविषयी काल पाहिल्यासारखी बोलतात. चित्रपट डब्यात कमी आणि माणसांच्या बोलण्यात अधिक टिकतो, असेच म्हणावे लागते.

हा प्रसंगही पुष्कळदा अगदी लहान असतो. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट. पण त्या पदकामुळे तो कोणाच्या मनात राहिला आहे, असे नाही. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आणि त्याच्यासाठी आपला पदर पसरणारी आई, एवढेच आठवते. आणि तेवढे पुरे होते. कोकणातले ते घर वऱ्हाडातल्या मुलाने पाहिलेले नसते. पण हट्ट त्याने केलेला असतो आणि पदरही त्याच्या ओळखीचा असतो.

त्याआधी १९३६ साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला होता. व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामापुढे लोक हात जोडीत. तरी ज्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला, त्यांच्या मनात तुकोबांइतकीच त्यांची बायकोही राहते. मूल आजारी, घरात दाणा नाही, आणि नवरा भजनात रंगलेला! ती तडक देवळात जाऊन प्रत्यक्ष विठोबावरच पायातली वहाण उगारते. संताच्या चित्रपटात हा राग दाखवायला धैर्य लागते. तो राग खोटा नाही, म्हणूनच तुकोबांची भक्तीही खरी वाटते.

वऱ्हाडाच्या वाट्याला असा चित्रपट पुढे १९७७ साली आला. राजदत्त यांनी गाडगे महाराजांवर ‘देवकीनंदन गोपाळा’ काढला आणि डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका केली. बाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण गेले ते मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. बाबांना जाऊन तेव्हा एकवीसच वर्षे झाली होती. हातात खराटा घेतलेले बाबा ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, प्रश्न विचारून श्रोत्यांना बोलते करणारे त्यांचे कीर्तन ज्यांनी ऐकले होते, अशी माणसे गावोगावी होती. अशा प्रेक्षकांपुढे उभे राहणे नटाला सोपे नसते. त्यांना कथा ठाऊक असते. पडद्यावरचा माणूस आपला आहे की नाही, एवढेच ते पाहतात.

‘आपला’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पडद्यावर वऱ्हाडी बोली आली की प्रेक्षकांनी हसावे, अशी एक रीत पडून गेली आहे. नोकर, गावंढळ पाहुणा, फजिती होणारा मामा यांच्या तोंडी ती घालावयाची. ज्यांच्या घरी तीच बोली आजी बोलते, त्या मुलांनी हे हसू कसे स्वीकारावे? आपल्या बोलीत विनोद आहे, हे खरेच; पण दुःख काय फक्त पुस्तकी भाषेतच व्हावयाचे असते?

सतीश मनवर यांच्या २००९ सालच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ या चित्रपटाने या प्रश्नाला उत्तर दिले. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी, पेरणी झालेली आणि पाऊस नाही. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला आहे. किसनाच्या बायकोच्या मनात धसका बसतो, की उद्या आपल्या नवऱ्यानेही तेच केले तर? उघड विचारण्याचे धैर्य होत नाही. मग ती लहानग्या मुलाला त्याच्यामागे शेतात पाठविते, सासूला लक्ष ठेवायला सांगते आणि त्याचे मन प्रसन्न राहावे म्हणून घरात नसलेले कोठून तरी आणून गोडधोड रांधते. त्या पुरणपोळीतली भीती किसनाला कळत नाही, प्रेक्षकाला कळते. मधूनमधून हसूही येते, पण ते बोलीचे नव्हे, माणसांच्या धडपडीचे. हे सारे वऱ्हाडीत घडते, कारण ती माणसे दुसऱ्या भाषेत रडणे शक्यच नसते.

रॉटरडॅमच्या महोत्सवात हा चित्रपट परक्या प्रेक्षकांनीही पाहिला. त्यांना त्यातली पटकथा, अभिनय, छायाचित्रण आवडले असेल. बार्शीटाकळीच्या काळ्या जमिनीत कापूस किंवा तूर पेरून आभाळाकडे पाहणाऱ्या घराला मात्र तो आवडला, असे म्हणणेच चमत्कारिक होईल. तेथे तो पाहून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलत नाही. आणि मग कोणीतरी सहज विचारते, यंदा मृगात किती पाऊस झाला होता?