कुलपाआधी माप

पुरुषांच्या लिंगावर बसवायचे कुलूपबंद पिंजरे आता ऑनलाइन मिळतात आणि पार्सल आंजीतही पोहोचतं. नीतीचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. डॉक्टरला चिंता मापाची.

पिंजऱ्याची कडी वृषणांच्या मागून लिंगाच्या मुळाभोवती बसते. ती घट्ट असली की आधी शिरा दबतात. रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही. सूज येते आणि कडी आणखी आवळते. म्हणून माप शिथिल अवस्थेत, उबदार खोलीत, वेगवेगळ्या वेळी घ्यावं. थंडीत अंग आक्रसतं, तेव्हा घेतलेलं माप फसवं. शिंप्याच्या टेपने घेर मोजून ३.१४ ने भागावा : १४ सेंटिमीटर घेराला व्यास साधारण ४५ मिलिमीटर. कडीखाली करंगळी सहज सरकावी. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, हे विक्रेता सांगत नाही. मधुमेहाने बधिरपणा आला असेल तर हा नाद नकोच.

किल्ली साधी आणि हाताशी हवी. इंटरनेटवर चालणाऱ्या अशाच एका चिनी कुलपातली त्रुटी ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश तज्ज्ञांनी उघड केली. पुढे २०२१ च्या जानेवारीत ते वापरणाऱ्यांकडे खंडणी मागितल्याच्या बातम्या आल्या.

कडी निघत नसेल, त्यात अंग निळसर, थंड किंवा बधिर झालं, तर लाजेपायी साबण-तेल लावत रात्र काढू नका, सरळ रुग्णालय गाठा. बोटात रुतलेली अंगठी आम्ही कटरने कापतो. जाड स्टीलला ते पुरत नाही, जास्त ताकदीचं यंत्र शोधावं लागतं, आणि त्यात वेळ जातो.